काटा शून्यावर

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात
इलियास तांबोळींचं वजनकाट्यांचं दुकान.
फोनवर म्हणाले होते, "मेल मेला."
मग स्वतःच हसले, आणि हसणं मध्येच थांबवलं.

मी गेले तेव्हा तीन वाजले होते.
समोर सागवान कापत होते, कीबोर्डवर भुशाचा थर,
आणि स्क्रीनवर एकच वाक्य:
प्रोफाइल सापडत नाही, किंवा उघडता येत नाही.
"म्हणजे मी सापडत नाही?"
"तुम्ही नाही काका. तुमचं प्रोफाइल."
"तेच ना."

गुरुवारी लाइट गेली होती का, हे विचारावं लागलं नाही.
मेलेल्या यूपीएसवर बसून पोऱ्या डबा खात होता.

आधी सोपे उपाय. बंद करून चालू.
कुलपाची एक फाइल असते,
प्रोग्राम आत शिरताना लावतो, निघताना काढतो;
लाइट गेली की काढायला कुणी उरत नाही.
ती पुसली. तरी तेच वाक्य.
मग सेटिंगची फाइल उघडली:
अर्ध्यापर्यंत अक्षरं, पुढे नुसती शून्यं,
जसं कुणी बोलता बोलता उठून जावं.

"एकोणीस वर्षांची पत्रं आहेत त्यात."
"पत्रं शाबूत आहेत. हे बघा, साडेचार जीबी.
कुठलं कुठं ठेवलंय हे ज्याला ठाऊक होतं
तो बिघडलाय."
"मुनीम गेला, वह्या राहिल्या."
किती वर्षं लोकांना हे समजावतेय मी,
असं कधी सुचलं नव्हतं.

नवं प्रोफाइल केलं. त्यानं विचारलं: तुमचं नाव?
काका जरा दुखावल्यासारखे झाले.
मग एका बोटानं टाइप केलं,
आडनावाआधी एक स्पेस जास्त.
ती मी काढली नाही.

इनबॉक्स उघडला. कोरा.
त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली.
"घाबरू नका, मुद्दाम रिकामं ठेवलंय."
तेव्हा ते प्रथमच धंद्यातल्या माणसासारखे बोलले:
"बरोबर. पारडं उतरवल्याशिवाय
काटा शून्यावर येत नाही.
लोक पोतं तसंच ठेवतात आणि म्हणतात, दुरुस्त करा."

मग एकेक फाइल आणली. पत्रं. पत्ते.
सही: 'आपला विश्वासू',
खाली कधीच बंद झालेला लँडलाइन.
सेटिंगची ती फाइल तेवढी तिथंच सोडली,
तिला उचललं असतं तर दुखणंही सोबत आलं असतं.
ड्राफ्टमध्ये काय होतं, मला माहीत नाही.
कॉपी करताना मजकूर दिसत नाही,
किती जड तेवढं कळतं.

सुरू होताच प्रोग्राम म्हणाला:
न पाठवलेलं एक पत्र आहे. आता पाठवू?
मी वाचायच्या आत काकांनी 'हो' दाबलं.
दौंडकडच्या कुठल्याशा गुऱ्हाळाला
पाचशे किलोच्या काट्याचं कोटेशन,
तारीख सात वर्षांपूर्वीची. भावही.
पोऱ्या ओरडला, "काका, जुन्या रेटनं गेलं!"
"गेलं ना? मग त्याच रेटनं द्यायचा."

आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो.
दोनेक मिनिटांत टिंग वाजलं.
सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, एक नवीन.
इंग्रजीत होतं. मी मराठीत सांगितलं:
हा पत्ता आता अस्तित्वात नाही, पत्र परत येतंय.

काका चष्मा पुसत राहिले.
"ससाणे म्हणून होते. गूळ फार चांगला."
मग म्हणाले, "पण मेल चालू झाला."
"झाला."

जुन्या फोल्डरला मी 'जुनं' नाव दिलं, पुसलं नाही.
पायरी उतरताना मागं पाहिलं तर
त्या परत आलेल्या पत्राला, एका बोटानं,
काका उत्तर लिहीत होते.
तिकडे वाचायला कुणी नसतं,
हे सांगायला मी परत वर गेले नाही.